कुऱ्हाडीचा दांडा, गोतास काळ

बांधवांनो, चोरास चोर म्हणावयाला फारसे धैर्य लागत नाही. सावकाराने लुबाडले, जमीनदाराने छळले, वकिलाने बुडविले, हे तर आपण रोज पारावर बसून बोलतोच. परंतु जो आपल्याकरिता भांडला, ज्याने आपल्याकरिता शिव्या खाल्ल्या, ज्याच्या गाडीचे बैल सोडून ती आपण स्वतः ओढली, तोच मनुष्य उद्या फिरला आणि आपल्याहून दुबळ्या शेजाऱ्याच्या नरडीस हात घालू लागला, तर त्यास "बाबा, हे पाप आहे" असे तोंडावर सांगावयाला मात्र छाती लागते. बहुतेकांस ती होत नाही. "कसाही असला तरी आपला माणूस" असे म्हणून आपण मान खाली घालतो. या एका वाक्याने जितकी घरे बुडाली, तितकी अवर्षणानेही बुडाली नसतील.

आज आम्ही वाचकांपुढे अशाच एका कैवाऱ्याची हकीकत ठेवणार आहोत. तो आपल्या मुलखातला नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेस जॉर्जिया म्हणून एक राज्य आहे, तेथला तो. नाव टॉम वॉटसन. १८५६ साली जन्मला आणि १९२२ साली मेला. कोणी विचारील, "मास्तर, सातासमुद्रापलीकडच्या माणसाशी आमचे काय देणेघेणे?" देणेघेणे आहे, आणि ते दुहेरी आहे.

पहिले नाते कापसाचे. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांची लढाई जुंपली. दक्षिणेचा कापूस बंदरांत अडकला, विलायतच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. लढाई संपली तसा भाव कोसळला. भावाच्या भरवशावर काढलेले कर्ज मात्र उभे राहिले. पुढे १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्यापासून शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळावयास सुरुवात केली, त्या आगीतल्या अनेक काटक्यांत ही एक काटकी होती. दुसरे नाते जोतीरावांचे. त्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक छापले आणि काळ्या गुलामांस दास्यातून सोडविण्याकरिता अमेरिकेतील ज्या सज्जनांनी स्वार्थ सोडून झीज सोसली, त्यांस ते अर्पण केले. ते गुलाम सुटले, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. सुटल्यावर त्यांचे काय झाले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. वॉटसनचे चरित्र म्हणजे त्या गोष्टीचा उत्तरार्ध होय.

टॉम वॉटसन जॉर्जियातील टॉमसन नावाच्या लहानशा गावाजवळ जन्मला. आजोबा मोठे जमीनदार. त्यांच्यापाशी चाळीसावर गुलाम होते. लढाईत सगळे गेले. वैभव गेले, जमीन गेली, बाप खचला. पोराने दोन वर्षे कॉलेजात काढली. पुढे फीस पैसा नाही म्हणून शिक्षण सोडले आणि खेड्यातील शाळेत मास्तरकी धरली. हे वाचले तेव्हा, खरे सांगावयाचे तर, आम्हांस तो आपला वाटला. आम्हीही ट्रेनिंग कॉलेजातून निघालेले खेड्यातले मास्तरच. कुडाच्या शाळेत पोरे शिकविता शिकविता रात्री दिव्यापाशी बसून त्याने कायद्याची पुस्तके वाचली आणि १८७५ साली वकिलीची सनद मिळविली. पुढे वकिलीवर हजारो एकर जमीन केली, तीवर कुळे बसविली. एवढे ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता त्या मुलखातील शेतकऱ्याची स्थिती पाहा. गुलाम सुटले, पण जमीन कोणाची? जुन्या मालकाचीच. काळ्या माणसाच्या हाती स्वातंत्र्य आले. पण नांगर नाही, खेचर नाही, बी नाही. लहान गोऱ्या शेतकऱ्याचीही लढाईत धूळधाण झाली होती. तेव्हा पेठेतला दुकानदार पुढे झाला. त्याने कायद्याच्या बळावर असे गहाणखत करून घेतले की, जे पीक अजून पेरलेही नाही तेच त्याजकडे गहाण! त्यावर वर्षभर पीठ, खारवलेले मांस, कापड, खत उधार द्यावयाचे. एकाच वस्तूस दोन किमती: रोखीची एक आणि उधारीची दुसरी, चांगलीच चढी. वर अट अशी की, शेतात कापूसच लावला पाहिजे. का? तर ज्वारी-मका शेतकरी घरात खाऊ शकतो. कापूस खाता येत नाही, तो दुकानदाराच्या वखारीतच यावयाचा. वर्षाअखेर हिशेब. वही दुकानदाराची, लेखणी दुकानदाराची, आणि ऐकणारा निरक्षर. बाकी निघालीच! बाकी निघाली म्हणजे पुढल्या साली दुसऱ्या दुकानाची पायरी चढता येत नाही. आणि जो तो कापूसच लावी म्हणून दरसाल भाव उतरे. १८८० च्या सुमारास एका पौंडास दहा सेंटांच्या आसपास असलेला भाव १८९४ साली पाच सेंटांच्याही खाली गेला. वाचकहो, यातले कोणते कलम तुम्हांस फोड करून सांगावयास पाहिजे? आपल्या आजा-पणजांनी हे सारे भोगले आहे. फरक इतकाच की तेथल्या सावकाराच्या वहीवर इंग्रजी आकडे होते.

या फाशात काळा अडकला होता तसा गोराही अडकला होता. दोर एकच, मान दोन. परंतु गोऱ्या शेतकऱ्यास जमीनदार आणि शहरवाले पुढारी म्हणत, "तू दरिद्री असलास तरी गोरा आहेस; काळ्याहून वरचा आहेस; आमच्या पक्षास सोडलेस तर काळे डोक्यावर बसतील." बिचारा घरात पीठ नसताना त्या वरचेपणावर पोट भरून झोपे. आणि काळ्याच्या मताचे काय? तो जमीनदाराच्याच जमिनीवर राही. निवडणुकीच्या दिवशी त्यास धमकावून, दारू पाजून, गाडीत घालून नेत आणि जमीनदाराच्याच पेटीत मत टाकवीत. म्हणजे एकास भीती घालून आणि दुसऱ्यास धाक घालून दोघांचीही मते एकाच घरी जमा होत. किती सोयीचा व्यापार!

१८८२ साली वॉटसन जॉर्जियाच्या कायदेमंडळात गेला. त्या काळी सरकार तुरुंगातले कैदी ठेकेदारांस भाड्याने देई. त्यांत बहुतेक काळे असत. गव्हर्नरपद भोगलेला पुढारी सुद्धा या कैद्यांच्या कष्टावर कोळशाच्या खाणी चालवी. वॉटसन त्या पद्धतीवर तुटून पडला. १८९० साली शेतकरी संघाच्या बळावर तो वॉशिंग्टनच्या मोठ्या कायदेमंडळात निवडून गेला. दक्षिणेतून तेथे गेलेले इतर शेतकरी पुढारी जुन्या पक्षाच्या पंगतीस जाऊन बसले. हा बसला नाही. त्याने नव्या पीपल्स पार्टीचा, म्हणजे लोकपक्षाचा, झेंडा धरला. त्या पक्षाच्या मागण्या ऐका: सरकारने वखारी बांधाव्या, शेतकऱ्याने तेथे माल ठेवावा आणि किमतीच्या ऐंशी टक्के उचल अल्प व्याजाने घ्यावी, रेल्वे सरकारने चालवावी, ज्याची मिळकत जास्त त्याजवर कर जास्त, सेनेटचे सभासद लोकांनी थेट निवडावे. आणि १८९३ साली वॉटसनने स्वतः खटपट करून खेड्यापाड्यांत घरपोच टपाल वाटण्याच्या प्रयोगासाठी दहा हजार डॉलरांची तरतूद करविली. त्याआधी टपाल घरपोच मिळे ते शहरवाल्यांस. शेतकऱ्याने कोसभर चालत जाऊन आपले पत्र आणावयाचे! पोस्टमनाची वाट पाहणे म्हणजे काय असते, हे ज्याचा पोरगा मुंबईस गिरणीत होता त्या आईस विचारा. हे पुण्य वॉटसनचे आहे, आणि ते आम्ही त्याजपासून हिरावून घेत नाही.

परंतु याहूनही मोठे काम त्याने १८९२ साली केले. त्याने गोऱ्या आणि काळ्या शेतकऱ्यांस एका मंडपात बसविले आणि भर सभेत सांगितले की, तुमचे भांडण लावून दिलेले आहे. तुम्ही निराळे राहिलात तरच तुम्हांस निराळे निराळे लुटता येते. ज्या मुलखात काळ्याने नुसती मान वर केली तरी त्यास झाडाला टांगीत, त्या मुलखात हे बोलणे लहान नव्हे. न्यायाने बोलावयाचे तर हेही सांगितले पाहिजे की, त्याची समता मतापुरती आणि भाकरीपुरतीच होती. घरोब्याची, पंगतीची समता आपणांस नको, असे तो त्या वेळीही म्हणे. तरीही जेवढे बोलला तेवढे खरे होते, आणि तेवढ्याने सुद्धा जमीनदारांची झोप उडाली.

त्या निवडणुकीत डॉइल नावाचा एक तरुण काळा पाद्री वॉटसनच्या बाजूने गावोगाव फिरला. त्याने साठावर व्याख्याने दिली. त्यास जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, तेव्हा तो वॉटसनच्या घरी आश्रयास आला. वॉटसनने घोडेस्वार पाठवून निरोप धाडला आणि चहूंकडून गोरे शेतकरी बंदुका घेऊन धावले. त्यांची संख्या दोन हजारांपर्यंत गेली, असे सांगतात. दोन रात्री त्यांनी पहारा केला. कोणासाठी? एका काळ्या माणसाच्या जिवासाठी! ज्यांच्या बापांनी गुलामगिरी टिकावी म्हणून लढाई केली, त्यांची पोरे काळ्या पाद्र्याच्या दारावर पहाऱ्यास उभी राहिली. वाचकहो, मनुष्य बदलत नाही, जातीचा अहंकार जन्माचा असतो, असे जे म्हणतात त्यांनी ही एक गोष्ट गाठीस बांधून ठेवावी. पोटाचे दुःख एक आहे असे कळले म्हणजे दोन रात्रींत मनुष्य बदलतो.

मग पुढे काय झाले? जे व्हावयाचे ते झाले. ऑगस्टा शहरात पेट्यांतून मतदारांच्या संख्येपेक्षा मते अधिक निघाली! नदीपलीकडच्या साउथ कॅरोलायनातून माणसे गाड्यांत भरून आणली. एकेकाने अनेक वेळा मत दिले. त्या धामधुमीत कित्येक काळे लोक मारले गेले. वॉटसन पडला. १८९४ साली पुन्हा उभा राहिला. पुन्हा तीच लबाडी, पुन्हा पडला. १८९६ साली त्याच्या पक्षाने त्यास अमेरिकेच्या उपाध्यक्षपदासाठी उभे केले. पण अध्यक्षपदाचा उमेदवार जुन्या पक्षाशी वाटून घेतलेला, त्यामुळे पक्षच त्या पक्षाच्या पोटात विरघळला. वॉटसन घरी बसला. आठ वर्षे त्याने राजकारण टाकून इतिहासाची पुस्तके लिहिली. फ्रान्सचा इतिहास लिहिला, नेपोलियनचे चरित्र लिहिले. आणि मनातल्या मनात तो कुजत गेला.

येथवरचा वॉटसन ऐकून कोणाच्याही डोळ्यांत पाणी येईल. आता पुढचा ऐका.

१९०४ च्या सुमारास तो बाहेर आला तो निराळाच मनुष्य होऊन. ज्यांनी पेट्या फोडल्या ते जमीनदार, ज्यांनी माणसे विकत घेतली ते शहरवाले, ज्यांनी पक्ष गिळला ते पुढारी, हे सगळे त्याच्या डोळ्यांसमोर होते. त्याने कोणावर हात उगारला? ज्याचे मत धाकाने चोरले गेले, त्या काळ्या माणसावर! त्याचा युक्तिवाद असा: जोपर्यंत काळ्याचे मत आहे तोपर्यंत त्याचा बागुलबुवा दाखवून गोऱ्या शेतकऱ्यास घाबरविता येते, यास्तव काळ्याचे मतच काढून टाका, म्हणजे गोरा शेतकरी मोकळा होईल. पाहिलेत? शेतात चोर शिरतो, म्हणून चोर धरावयाचा नाही, शेजाऱ्याचे शेतच पेटवून द्यावयाचे! वड्याचे तेल वांग्यावर काढणे म्हणतात ते हेच.

१९०६ साली हॉक स्मिथ नावाच्या वकिलाने काळ्यांचे मत काढून घेण्याच्या वचनावर गव्हर्नरकीची निवडणूक लढविली. वॉटसनने आपल्या शेतकऱ्यांची सारी मते त्याच्या पदरात टाकली. महिनेच्या महिने वर्तमानपत्रांतून काळ्यांविरुद्ध विष ओतले गेले. सप्टेंबरात अटलांटा शहरात गोऱ्यांचे जमाव काळ्यांवर तुटून पडले; निदान दोन डझन काळी माणसे मेली. दुकाने फुटली, आणि काळ्या न्हाव्याच्या दुकानात शिरून तेथल्या माणसांस ठार केले. स्मिथ निवडून आला. १९०८ साली राज्यघटनेत दुरुस्ती झाली.

त्या दुरुस्तीची कलमे आम्ही मास्तर या नात्याने मुद्दाम सांगतो. मत पाहिजे तर सगळे कर भरलेले पाहिजेत. आणि डोईपट्टी अशी की एक साल चुकली तर मागली सगळी थकबाकी पुढच्या सालावर चढावयाची. त्याउपर आणखी एक अट पुरी करावयाची: एक तर चाळीस एकर जमीन अगर पाचशे डॉलरांची मालमत्ता असावी, किंवा बापजाद्यांनी लढाईत शिपाईगिरी केलेली असावी, किंवा चालचलणूक चांगली असून नागरिकाची कर्तव्ये समजत असावीत, किंवा राज्यघटनेतील कोणतेही कलम वाचून दाखवून लिहिता यावे. ऐकताना किती सभ्य! त्यात काळ्याचे नाव कोठेही नाही. पण कलम कोणते वाचावयाचे हे कोण ठरविणार? चालचलणूक कोण तपासणार? कर्तव्ये समजली की नाही हे कोण सांगणार? कचेरीतला गोरा कारकून. गोरा आला की सोपी ओळ, काळा आला की वकिलासही न उलगडणारी ओळ. आम्ही पोरांस अक्षरे शिकवितो ती त्यांच्यासाठी दार उघडावे म्हणून. तेथे अक्षरांचीच कडी करून ती दारास लावली. ज्या माणसाच्या बापास लिहावयास शिकणे हा गुन्हा होता, त्याच माणसास "तुला वाचता येत नाही, म्हणून तुला मत नाही" असे सांगणे, यापरता निर्लज्जपणा कोणता? आणि हा निर्लज्जपणा करविणारा कोण? एके काळचा खेड्यातला शाळामास्तर!

आता, काळ्याचे मत गेल्यावर गोरा शेतकरी मोकळा झाला काय? त्याच डोईपट्टीने, त्याच मालमत्तेच्या अटीने हजारो दरिद्री गोऱ्यांचीही मते गेली. जी राहिली ती मोजण्याची पद्धत अशी बसली की, जिल्ह्याच्या मुठीभर पुढाऱ्यांस हाताशी धरले म्हणजे राज्य हाती येई. ती पद्धत १९६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोडीपर्यंत टिकली. पिकावरचे गहाण सुटले नाही. दुकानदाराची दोन किमतींची वही मिटली नाही. कापसावर बोंडअळी आली, १९२० साली भाव एका हंगामात निम्म्यावर आले. आणि १९३० च्या सरकारी गणतीत जॉर्जियातल्या शेतांपैकी सुमारे दोन तृतीयांश शेते दुसऱ्याची जमीन कसणारी कुळे कसीत होती. काळ्याचे मत बळी देऊन गोऱ्या शेतकऱ्याने काय मिळविले? जमीन नाही, भाव नाही, वखार नाही. मिळाले ते एवढेच, "आपल्याखाली आणखी कोणी आहे" हे समाधान. ते समाधान तर जमीनदार त्यास पूर्वीही फुकट देतच होता!

एकदा दुबळ्यावर हात टाकण्याची चटक लागली म्हणजे ती एका दुबळ्यावर थांबत नाही. काळ्यांच्या मागून वॉटसनने रोमन कॅथलिकांस धरले. सालोसाल त्यांच्या धर्मगुरूंवर ओंगळ लेख लिहिले. मग यहुद्यांची पाळी आली. १९१३ साली अटलांटातील पेन्सिलींच्या कारखान्यात काम करणारी मेरी फेगन नावाची तेरा वर्षांची मुलगी आपला एक डॉलर वीस सेंट पगार आणावयास गेली, ती परत आली नाही. तिचा खून झाला. शेत सोडून शहरात आलेल्या कुणबी घरातली ती पोर. या ठिकाणी शेतकऱ्याच्या खऱ्या कैवाऱ्याने काय विचारावयास पाहिजे होते? तेरा वर्षांची पोर कारखान्यात राबते कशी? तिच्या घरच्यांस शेत का सोडावे लागले? वॉटसनने हे प्रश्न बाजूस ठेवले. कारखान्याचा व्यवस्थापक लिओ फ्रँक यहुदी होता. त्याजवर खटला झाला, फाशीची शिक्षा झाली. पुरावा डळमळीत आहे असे पाहून गव्हर्नर स्लेटन याने १९१५ साली फाशी रद्द करून जन्मठेप दिली. वॉटसनचे 'जेफरसोनियन' पत्र आठवड्यामागून आठवडा लोकांस चिथावीत राहिले. त्या ऑगस्टात काही प्रतिष्ठित म्हणविणाऱ्या मंडळींनी फ्रँकला तुरुंगातून काढून नेऊन झाडाला टांगले. वॉटसनने त्यांची पाठ थोपटली; पत्राचा खप तर वाढलाच होता. त्याच साली अटलांटाजवळ एका डोंगरावर कू क्लक्स क्लॅन या तोंड झाकून माणसे मारणाऱ्या टोळीची पुन्हा स्थापना झाली. पुढे १९८६ साली जॉर्जियाच्या माफी मंडळाने, आपण कैद्याचे रक्षण केले नाही हे मान्य करून, मेलेल्या फ्रँकला माफी दिली. एकाहत्तर वर्षांनी!

ईश्वराघरचा म्हणा की इतिहासाचा म्हणा, न्याय मोठा चमत्कारिक असतो. १९१७ साली अमेरिका महायुद्धात पडली. वॉटसनने युद्धाला आणि सक्तीच्या सैन्यभरतीला विरोध केला. ज्यांनी भांडवल लावले त्यांच्यासाठी गरिबाच्या पोराने का मरावे, असे तो विचारू लागला. जुना वॉटसन क्षणभर जागा झाला होता. तेव्हा सरकारने काय केले? त्याच्या पत्रास टपालात बंदी केली. ज्याने खेड्यात टपाल आणले, त्याचेच पत्र टपालातून बंद! १९२० साली तो सेनेटवर निवडून आला आणि १९२२ च्या सप्टेंबरात मेला. त्याच्या प्रेतयात्रेस शेतकऱ्यांचे लोंढे लोटले, आणि सर्वांत नजरेत भरणारा फुलांचा क्रूस, आठ फूट उंचीचा, कू क्लक्स क्लॅनने पाठविला होता. माणसाची सारी जमाखर्चाची वही एका हारात वाचावयास मिळाली!

कोणी म्हणेल, "त्याजवर अन्याय झाला, दोनदा निवडणूक चोरली, म्हणून तो कडवट झाला." कबूल. अन्याय झाला. पण त्या अन्यायात डॉइल पाद्र्यानेही जीव धोक्यात घातला होता. काळी माणसे मेली होती. ती कोणाच्या घरावर पेटत्या मशाली घेऊन गेली? कडवटपणा सर्वांस येतो; तो कोणाच्या अंगावर ओतावयाचा, हे मनुष्य स्वतः निवडतो. आणखी कोणी म्हणेल, "काळ्यांनीच जमीनदारास मते दिली, मग त्यांस मताचा हक्क कशाला?" अहो, ज्याच्या छपराखाली राहावयाचे, ज्याच्या वहीवर जगावयाचे, त्याच्या धाकाने मत दिले हा गुन्हा असेल, तर आपल्यापैकी कितीजणांच्या बापांनी पाटलाच्या, सावकाराच्या धाकाने अंगठे उठविले ते आठवा. त्यांचे हात तोडावयास पाहिजे होते, की धाक मोडावयास पाहिजे होता? आणि तिसरा कोणी हळूच म्हणेल, "पण त्याने टपाल आणले ना!" टपाल आणले, हे खरे. विहीर खणून देणाऱ्याने पुढे तीत विष कालविले, तर पहिल्या उपकारासाठी ते पाणी प्यावयाचे काय?

आम्हांस यात आणखी एक गोष्ट दिसते. वॉटसन भाषणात कुळांचा कैवारी होता, पण स्वतःच्या हजारो एकरांवर कुळे ठेवूनच तो राहिला. दुसऱ्याच्या सावकारीवर बोलणे सोपे. आपल्या घरातली उतरंड मोडणे कठीण. ज्याने ती मोडली नाही, त्याची समता वादळात टिकत नाही. कुऱ्हाडीचा दांडा झाडाचाच असतो म्हणून झाडाने त्याजवर विश्वास टाकावा काय? लोखंड कोणाच्या हाती आहे हे आधी पाहावे. गोतास काळ होणारा दांडा पुष्कळदा गोतातलाच, आणि पुष्कळदा सर्वांत सरळ वाढलेला असतो.

१९३२ साली अटलांटा येथे राज्याच्या मुख्य कचेरीसमोर त्याचा पुतळा उभा केला. २०१३ साली तो तेथून हलवून रस्त्यापलीकडे नेला. पुतळा हलविल्याने इतिहास हलत नाही. तो माणसांनी हलवावा लागतो, आणि तो हलविणारे कोण होते हे आमच्या बलुतेदार वाचकांनी अवश्य ऐकावे. जॉर्जियातील कोलंबस गावी प्रायमस किंग नावाचा काळा न्हावी होता. १९४४ साली तो पक्षाच्या निवडणुकीत मत देण्यास गेला. त्यास हुसकून लावले. त्याने कज्जा केला, आणि १९४६ साली वरच्या न्यायालयापर्यंत तो जिंकून फक्त गोऱ्यांपुरती ठेवलेली ती निवडणूक मोडून काढली. मध्ये १९४५ साली डोईपट्टीही गेली. १९६५ साली अमेरिकेने मतदानाच्या हक्काचा कायदा करून कारकुनाची ती वाचनपरीक्षा बंद पाडली. वस्तरा चालविणाऱ्या हाताने जे केले, ते हजारो एकरांच्या धन्याने केले नाही.

आणि शेवटची गोष्ट. २०२१ च्या जानेवारीत जॉर्जियाच्या लोकांनी दोन सेनेटर निवडले. त्यांतला एक, राफाएल वॉर्नॉक, काळा पाद्री. आणि तो निवडून आला ती जागा वॉटसन मेला तेव्हा ज्या जागेवर होता तीच. दुसरा, जॉन ऑसॉफ, यहुदी. ज्या दोघांस वॉटसनने हाकलले, त्यांस त्याच्याच राज्याने एका दिवशी मानाने बसविले. हे १८९२ साली होऊ शकले असते. तो काळा पाद्री त्याच्या घरात होता, दोन हजार गोरे शेतकरी दारात पहाऱ्यास होते. तेथून मागे फिरल्यामुळे तीन पिढ्या वाया गेल्या.

यास्तव, बंधुभगिनींनो, पुढारी पारखावयाचा तर तो जिंकल्यावर पारखू नका; जिंकल्यावर सगळेच हसतात, सगळेच हार वाटतात. तो हरल्यावर कोणाकडे बोट दाखवितो ते पाहा. वर दाखविले तर त्याच्या पाठीशी उभे राहा, उपाशी राहून उभे राहा. खाली दाखविले, तर तो कितीही आपला असो, कितीही गोड बोलो, कालपर्यंत त्याने आपल्याकरिता कितीही सोसलेले असो, त्याच क्षणी त्यास सांगा: "बाबा, येथवर तुझे उपकार. येथून पुढे तुझी वाट निराळी." हे सांगावयाची छाती जॉर्जियाच्या शेतकऱ्यास झाली नाही. त्याची किंमत शेजाऱ्याने दिली, आणि त्यानेही दिली.